मुठीत मावली, ती माघारी

आमच्या विहीणबाई रत्नागिरीकडच्या. माणूस चांगलं, पण समुद्राचा फार तोरा. मागच्या दिवाळीत पानावर कालवांची आमटी वाढता वाढता मला म्हणाल्या, "तुम्हाला हे नवीनच असेल, नाही? तुमच्या जालन्याकडे कुठला आलाय समुद्र!"

मी वरवर हसले. आतून मात्र तळपायाची आग मस्तकाला गेली. नसेल हो आमच्याकडे समुद्र. पण दुधना आहे, आणि दुधनेच्या डोहात शिंपल्या व्हायच्या. बाहेरून काळपट, आतून मोत्यासारख्या चकचकीत, बाईमाणसाच्या तळव्याएवढ्या. शिमग्यापासून मृगापर्यंत आमचं गाव त्या खायचं. आणि त्या डोहावर राखणीला अशी एक बाई होती, की तिनं तुमच्या समुद्रालासुद्धा भरती-ओहोटीच्या आधी विचारून यायला लावलं असतं.

हे सगळं मी तिथं बोलले नाही. पाहुण्याच्या घरी जेवताना भांडू नये. पण गिरजाआत्या त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही.

तिला अख्खं गाव आत्या म्हणायचं, कारण ती गावची लेक. भोयाची. नवरा लवकर गेला, तशी माघारी आली आणि घाटाजवळच्या बापाच्या झोपडीत राहिली. उंच, काळीसावळी, हाडापेरानं मजबूत. कासोटा घट्ट, पायात कधी वहाण नाही. तिच्या मुठी पुरुषासारख्या रुंद होत्या. त्या मुठींबद्दल पुढं सांगायचंच आहे.

मी बदनापूरची. वडील तिथल्या शाळेत मास्तर. आगगाडीची शिटी ऐकत वाढलेली मुलगी, दिली आष्टीपासून चार कोसांवरच्या शेतकरी घरात. खाऊनपिऊन सुखी घर, पण नदीकाठचं. रंगपंचमी झाली आणि एका सकाळी मी धुणं घेऊन नदीवर गेले, तर एक बाई कमरेएवढ्या पाण्यात खांबासारखी उभी. मला वाटलं, अर्घ्य देत असेल. तेवढ्यात तिचा एक पाय गुडघ्यात वळून पाण्याबाहेर आला, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या चिमट्यात एक शिंपली. तिनं ती ओटीत टाकली, पाय पुन्हा आत. मला हसू फुटलं.

"हसून राह्यली का गं? कुणाची तू?"

मी सासऱ्यांचं नाव कसं घेणार? म्हटलं, "मळ्यातल्यांची. बदनापूरची."

"मंग ये पाण्यात, बदनापूर."

"मला पवता येत न्हाई."

"पवायला कोण सांगून राह्यलं? उभं तर राह्यता येतं ना? हळू पाय टाक. पायाला डोळे असतेत बाई. तुम्ही जोडे घालघालून आंधळे केलेत."

तेव्हापासून मी तिच्यासाठी कायमची 'बदनापूर' झाले. त्या दिवशी तासभर उभी राहून मला एक शिंपली सापडली. ती काढायला मी खाली वाकले, तर तिनं पाठीत धपाटा घातला. नव्या नवरीच्या!

"वाकायचं न्हाई. वाकलं की पाणी गढूळ होतं आणि माणूस हावरं. मंग ते दोन हातांनी उपसाय लागतं. पायानं एक येती, ती बराबर येती."

मी तिला कधी वाकलेलं पाहिलं नाही. पाण्यात तर नाहीच, आणि गावात कुणापुढंही नाही.

पायानं काढलेली शिंपली तिच्या हातात द्यायची. ती मूठ मिटायची. शिंपलीची कड बोटांच्या बाहेर दिसली तर ती खायची. पुरी आत गेली तर पुन्हा पाण्यात. "मुठीत मावली, ती माघारी." हे ती एवढ्यांदा म्हणायची, की गावातली लेकरं विटीदांडू खेळतानाही म्हणायची. वशिला चालायचा नाही. माझ्या सासऱ्यांनी काढलेली शिंपलीसुद्धा तिनं सगळ्यांदेखत पाण्यात सोडली आणि ते नुसते मिशीत हसले. एकदा तिनं माझा हात धरून मूठ मिटवून बघितली आणि खो खो हसली. "ही मूठ हाय का बोर ठेवायची वाटी? हिच्या मापानं डोह सोडला तर पाण्यात गाळ तेवढा राहील."

शिंपल्या घरात शिजवायच्या नाहीत, हाही एक कायदा. पण तो आत्याचा नव्हता, आमच्या सासूबाईंचा. माळकरी घर, चुलीला शिंपलीचं नाव चालायचं नाही. नदीवर मात्र चालायचं. शिंपल्या रात्रभर मडक्यातल्या नदीच्या पाण्यात ठेवायच्या, म्हणजे पोटातली रेती टाकतात. सकाळी काठावर तीन दगड मांडून उकळायच्या. ज्यांची तोंडं उघडली नाहीत त्या फेकायच्या. मग लसूण, तिखट आणि वर मूठभर येसर. भाजल्या डाळीच्या त्या मसाल्याचा वास गावात वेशीपर्यंत जायचा. प्रत्येकीनं भाकरी आपापल्या घरची आणायची. सासूबाई पातेल्याजवळ गावाकडं पाठ करून बसायच्या आणि तीन भाकरी खायच्या.

"आत्या, हे कसं चालतं हो यांना?" मी हळूच विचारलं.

"पाठ केली की गाव दिसत न्हाई. गाव दिसलं न्हाई की पाप लागत न्हाई," आत्या मोठ्यांदा म्हणाली. सासूबाईंना ठसका लागला.

मृग निघाला की डोह बंद. मग राजा आला तरी उघडायचा नाही. आणि एकदा जवळपास आलाच. भर श्रावणात निजामाच्या तहसिलीतले एक साहेब दौऱ्यावर आले. त्यांना कुणीतरी शिंपल्यांची तारीफ केलेली. शिपाई आत्याच्या दारात. "जल्दी चल, साहेबांचा हुकूम आहे." ती गेली चावडीवर. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "साब, त्यांचं बाळंतपण चालू हाय. पोटात पिलं हायेत. तुमच्या घरात बाळंतीण असती आणि मी दारात उभी राह्यले असते, तर तुम्ही काय केलं असतं?"

साहेब असे हसले की त्यांची टोपी कलंडली. शिमग्यानंतर ते खरोखर आले. काठावर जमिनीवर मांडी घालून जेवले. त्यांनी निवडलेली एक शिंपली आत्याच्या मुठीत मावली, तेव्हा साहेबांनी स्वतःच्या हातानं ती पाण्यात सोडली. "बराबर है," म्हणाले. आत्यानं नंतर बरेच दिवस त्यांची आठवण काढली. "माणूस शहाणा होता. ऐकलं त्यानं."

ही झाली चांगल्या दिवसांतली आत्या. पण माणूस कळतं ते वाईट दिवसांत. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते आणि आमच्याकडं लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. ज्वारी आली नाही. दुधना आधी धार झाली, मग डबकी झाली, मग डोह तेवढा उरला. चैत्र संपता संपता डोहसुद्धा वावरातल्या वाफ्याएवढा झाला. प्यायचं पाणी नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं भरायचो. ते इतकं गढूळ असायचं, की हंडा घरात आला की आधी त्यात तुरटी फिरवायची. हाताला सवयच लागून गेली. आला हंडा, फिरव तुरटी.

डोहाचा चिखल उघडा पडायला लागला, तशा शिंपल्या दिसायला लागल्या. पायानं शोधायची गरजच नव्हती. लोक भुकेले. पोरांच्या पोटात दोन दिवसांआड भाकरी. आत्यानं गाव काठावर गोळा केलं.

"डोह महिन्याभरात आटंल. मंग ह्या सगळ्या मरतील, तर त्याआधी तुम्ही खा. पण मुठीतल्या मला द्या. त्या मी तीन कोसांवरच्या काळ्या डोहात नेऊन टाकते. तिथं पाणी हटत न्हाई. पाऊस झाला की आणीन माघारी. माझं हे बियाणं निघालं, की उरलेला डोह तुमचा. मंग बारकी-मोठी मी बघणार न्हाई."

गावाला पटलं. दिवसभर ती काठावर बसून मुठीनं मापत होती. चार पाट्या बारक्या शिंपल्या निघाल्या. ऊन मी म्हणत होतं, तशा उन्हात नेल्या असत्या तर वाटेत मेल्या असत्या. पहाटे न्यायचं ठरलं. आमच्या मळ्यात विहिरीजवळ जनावरांची दगडी डोण होती, सावलीत. आत्यानं डोहाचंच पाणी आणून तीत शिंपल्या सोडल्या आणि मला म्हणाली, "बदनापूर, तुझ्यावर सोपवून राह्यले. सावली हटू देऊ नको. बाकी हात लावायची जरुरत न्हाई."

तिनं गावातल्या इतक्या बायकांमधून मला सांगितलं, याचा मला अभिमान वाटला. मी दर थोड्या वेळानं जाऊन बघत होते. पाणी नुसतं चिखल. मला वाटलं, बिचाऱ्यांचा जीव घुसमटत असेल. आणि हाताला सवय. घरातून तुरटी आणली आणि डोणीत चांगली फिरवली. संध्याकाळपर्यंत पाणी आरशासारखं निवळलं. तळाशी एकेक शिंपली दिसायला लागली. मी खूश. आत्या बघून शाबासकी देईल, असं मनात.

पहाटे ती ओली गोणपाटं घेऊन आली. डोणीत हात घातला. शिंपल्यांची तोंडं उघडी होती. तिनं एकीला बोट लावलं. जिती असती तर मिटली असती. मिटली नाही. दुसरी. तिसरी. तिनं पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावलं आणि थुंकलं.

"तुरटी?"

मी मान हलवली.

"माणसाला निवळ लागतं बाई," ती म्हणाली. "ह्यांचं जेवणच गढुळात असतं."

बस, एवढंच. शिवी नाही, धपाटा नाही. धपाटा घातला असता तर बरं झालं असतं. ती डोणीच्या काठावर बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून. उजाडायला लागलं होतं. मग उठली, रिकाम्या पाट्या एकात एक घातल्या, माझ्या डोक्यावर दिल्या आणि म्हणाली, "चल."

डोहावर गाव आधीच उतरलं होतं. आत्याचा शब्द होता ना, बियाणं निघालं की डोह तुमचा. बायका, म्हातारी माणसं, लेकरं, सगळे चिखलात हातानं उपसत होते. बारकं-मोठं सगळं टोपल्यात. आत्या सरळ मध्ये जाऊन उभी राहिली.

"थांबा. बारक्या शिंपल्या टोपल्यात टाकू नका."

आमच्या शेजारचा किसन कंबर सरळ करून उठला. त्याच्या घरी सहा तोंडं. "आत्या, काल तू बोलली होतीस."

"बोलले होते. आज मोडून राह्यले."

"चार पाट्या नेल्या की तू!"

"मेल्या त्या. माझ्या हातानं मेल्या."

मी तिच्या मागं पाट्या घेऊन उभी होते. तिचं ते वाक्य मी ऐकलं. तोंड उघडून 'नाही, माझ्या हातानं' एवढंच म्हणायचं होतं. सासूबाई समोर, सासरे समोर, गाव समोर. मी बोलले नाही. आज इतकी वर्षं झाली, अजून लाज वाटते.

"आमची लेकरं उपाशी हायेत," किसन म्हणाला. आवाज चढला होता त्याचा.

"मला दिसत न्हाई का? मोठ्या ने. पाटी भरून ने, माझ्या वाट्याच्या पण ने. पण बारक्या ठेव. किसना, तू कुणब्याचा ना? तुझ्या बापानं घरात दाणा नसताना बियाचं गाडगं फोडलं का कधी?"

पण लोक हलले नाहीत. शब्द मोडणाऱ्या माणसाचं कोण ऐकणार? तेव्हा ती डोहाच्या उरल्यासुरल्या पाण्यात उतरली, उकिडवी बसून ओंजळ भरली आणि म्हणाली, "दुधनामायची आण. ह्या डोहात पुन्हा माझ्या मुठीबाहेरची शिंपली होईस्तोवर मी तोंडाला शिंपली लावणार न्हाई. शब्द मोडला त्याची ही माझी भरपाई. आता आणा टोपली."

पहिली टोपली किसननंच आणून ठेवली. मग एकेक येत गेली. दुपारपर्यंत तिनं सगळ्या गावाच्या टोपल्या मुठीतून काढल्या. चारच्या जागी दोन पाट्या भरल्या. दिवस कलल्यावर आम्ही दोघी निघालो, ओल्या गोणपाटाखाली पाट्या डोक्यावर. अर्ध्या वाटेत मला राहवेना.

"आत्या, उद्या मी सांगते गावाला. माझ्या हातनं झालं म्हणून."

"काय करायचं सांगून? गाव तुला नावं ठेवील. त्यानं त्या जित्या होतील का?" ती चालायची थांबली नाही. "पाणी शिंपड वरनं. वाळून राह्यल्या."

त्या वर्षी पाऊस झाला. दसऱ्यानंतर पाणी निवळलं, तशी ती काळ्या डोहावर गेली आणि शिंपल्या घेऊन आली. किसन तिच्याबरोबर गेला होता, न सांगता. पुढचा शिमगा आला. सगळ्या शिंपल्या मुठीत मावल्या. माघारी. त्याच्या पुढचा आला. तेच. लोक कुरकुरले, पण आष्टीच्या बाजारातून सुकट आणून भागवलं. आत्याला शिंपल्या किती आवडायच्या ते सगळ्यांना ठाऊक होतं. येसर भाजल्याचा वास आला की तिची मान आपोआप वळायची.

तिसऱ्या वर्षी थंडीत तिला ताप भरला. महिनाभर हटला नाही. उठली ती अर्धी होऊन उठली. गुडघे सुजलेले, गालफडं आत. तरी शिमगा झाल्यावर काठी टेकत काठावर आली. निजामशाही जायच्या आधीचा तो शेवटचा शिमगा. गावानं त्या दिवशी आधीच पातेलं चढवलं होतं. सगळ्यांची खात्री होती, यंदा निघणार. सासूबाई भाकरीचं गाठोडं घेऊन, गावाकडं पाठ करून, जागा धरून बसलेल्या.

"बदनापूर, तू उतर," आत्या म्हणाली.

मी उतरले. न वाकता, पायानं शोधत. अंगठ्याला कड लागली, चिमट्यात धरली, वर काढली. तिच्या हातात नेऊन दिली. तिनं मूठ मिटली.

कड बाहेर दिसत होती. ज्वारीच्या दाण्याएवढी, पण दिसत होती.

"निघाली!" किसन ओरडला. लेकरं नाचायला लागली. कुणीतरी पातेल्याखाली लाकूड सारलं. तिची आण फिटली होती. मी रडायलाच लागले होते.

आत्या मात्र शिंपलीकडं बघत नव्हती. स्वतःच्या हाताकडं बघत होती.

"थांबा," ती म्हणाली. "मांस गेलं माझ्या हाताचं. ही ती मूठ न्हाई. बदनापूर, तुझी कर."

माझी मूठ आता बोराची वाटी राहिली नव्हती. जातं, विळा, मोटेचा दोर, सगळ्यांनी रुंद केली होती. तिनं शिंपली माझ्या तळव्यावर ठेवली. आणि खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात पाप आलं. मूठ जराशी ढिली धरली असती तर कड दिसली असती. कुणाला कळलं असतं? माझ्यापायी तीन वर्षं उपाशी राहिलेली बाई आज जेवली असती. मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्या मुठीकडं नव्हती बघत, माझ्या तोंडाकडं बघत होती.

मी मूठ आवळली. शिंपली आत गेली. पार आत.

"काय दिसतं?"

"काही न्हाई, आत्या."

"मंग?"

ती वाट बघत राहिली. एकदा मी गप्प राहिले होते, त्याच जागी, त्याच लोकांसमोर.

"माघारी," मी म्हणाले.

"मोठ्यानं सांग. मागच्यांना ऐकू गेलं न्हाई."

"माघारी!"

"बिलकुल बराबर," आत्या म्हणाली, आणि सासूबाईंकडं वळून, "येसर हाय ना? त्याचीच आमटी करा मंग. भाकरी काहून वाळवून राह्यले?"

पुढच्या वर्षी शिंपल्या माझ्या मुठीबाहेर निघाल्या आणि गाव पोटभर जेवलं. आत्या त्याआधीच, पावसाळ्यात, गेली होती. पातेल्यातली पहिली शिंपली किसननं आत्याच्या नावानं नदीत सोडली. मी त्या दिवशी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी खाल्ली, कारण तिनं मला वेडी म्हटलं असतं.

पण मला ती दिसते ती मी 'माघारी' म्हटलं त्या दिवशीची. तिनं माझ्या मुठीतली शिंपली काढून घेतली, काठी काठावर टाकली आणि एकटी पाण्यात गेली. मी धरायला धावले, तर हातानं मागं सारलं. मांड्यांपर्यंत पाणी आल्यावर ती थांबली. आणि मग ती वाकली. जन्मात पहिल्यांदा वाकलेली पाहिली मी तिला. दोन्ही हातांनी शिंपली तळाच्या गाळात ठेवली, वरून थोडा गाळ सारला, आणि पाणी निवळेपर्यंत तशीच वाकून उभी राहिली.